परकराच्या नाडीपासून दोन बोटं वर

मी आयुष्यभर बारीक. लग्नात शालू नेसवायला आलेल्या मावशींनी मोजून अकरा निऱ्या घातल्या, तरी पदर उरला तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरीला कंबरच नाही गं!" त्या दिवसापासून सासरी माझी ओळख तीच. आणि आमच्या थोरल्या वहिनींची ओळख म्हणजे, "छान आहेत हो, पण जरा वजनाकडे बघायला हवं." एका घरात आम्ही दोघी सुना, पंधरा वर्षं एकाच टेबलावर जेवतो. मी तिसरी पोळी घेतली तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वर तूप वाढायच्या. वहिनींनी दुसरी घेतली की कुणीतरी हळूच बघायचं. हे मला आज लिहिताना टोचतंय, तेव्हा टोचत नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैत पुण्यात आमच्या टिळक रोडच्या ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. मी हिशेबाच्या विभागात आहे, दिवसाचे आठ तास खुर्चीत. विम्यामुळे घरातलं एक माणूस सोबत आणायची मुभा होती. नवरा बाहेरगावी होता म्हणून वहिनींना घेऊन गेले.

रांग, उंची मोजायची पट्टी, वजनाचा काटा, मागे भिंतीवर रंगीत तक्ता. माझी उंची 158 सेंटिमीटर, वजन 54 किलो. तिथल्या मुलाने फोनवर आकडे टाकून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, काढला आणि म्हणाला, "एकवीस पॉइंट सहा. मस्त आहे मॅडम, एकदम हिरव्यात." वहिनींची उंची 160, वजन 71. बीएमआय 27.7. तो मुलगा वाईट नव्हता, पण आवाज बदलला. त्याने वहिनींच्या हातात 'वजन घटवा' असं पत्रक दिलं आणि रात्री भात बंद करायला सांगितलं. त्यांच्या मागे रांगेत माझ्याच विभागातली माणसं उभी होती. वहिनींनी पत्रकाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

दोघींचंही रक्त घेतलं होतं. चार दिवसांनी रिपोर्ट फोनवर आले. माझ्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर हिरव्या चौकटीत 'नॉर्मल' आणि बीएमआय. मी तेवढं बघून फोन ठेवून दिला. पुढची पानं उघडली ती वहिनींनी. त्या सगळं शेवटपर्यंत वाचणाऱ्यातल्या, किराणा दुकानाचं बिलसुद्धा. रात्री ओट्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या इथे काही आकडे ठळक अक्षरात आहेत. माझ्यात नाहीत. हे बघ जरा."

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, 6.2. उपाशीपोटी साखर 108. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, 186, आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल 38. वहिनींचं एचबीएवनसी 5.4, ट्रायग्लिसराइड्स 112, एचडीएल 56.

मला पहिल्यांदा वाटलं, नमुन्यांच्या बाटल्या अदलाबदल झाल्या. खरंच वाटलं. आता त्याची लाज वाटते, कारण त्या वाटण्याच्या पोटात हेच होतं की आजार असायचाच तर तो जाड बाईला असायला हवा.

माझे वडील काटकुळे होते. खडकीहून रोज सायकलने कामावर जायचे. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला तेव्हा नातेवाईक म्हणाले, "ह्यांना कसा काय?" पायाची जखम, ड्रेसिंगचा वास, बाबांचे उशीवर ठेवलेले पाय हे सगळं मी पाहिलंय. मी 43 वर्षांची होते आणि तो रस्ता माझ्या घरापाशी आला होता, आणि रिपोर्टचं पहिलं पान म्हणत होतं, उत्तम.

कोथरूडमधल्या एका फिजिशियन बाईंकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली आणि म्हणाल्या, "उभ्या राहा. कुर्ता वर घ्या." मी सवयीने सलवारीच्या नाडीवर बोट ठेवलं, कंबर म्हणजे तीच ना आपल्यासाठी. जिथे परकराची नाडी बांधून बांधून कातडीवर काळपट वळ उमटलेला असतो, ती. त्यांनी माझं बोट हलवलं. बरगड्यांतली सगळ्यात खालची बरगडी चाचपून तिथे पेनने ठिपका केला, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपून तिथे दुसरा. दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये टेप. "पोट आत ओढू नका. श्वास घ्या, सोडा, आता थांबा." टेप कातडीला टेकलेली, पण रुतलेली नाही. ती जागा माझ्या नाडीपासून दोन बोटं वर होती. आकडा आला 86.

"भारतीय बाईसाठी 80च्या पुढे गेलं की धोक्याची घंटा," त्या म्हणाल्या. "पुरुषांसाठी 90. आणि अगदी सोपा हिशेब हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी." माझी निम्मी उंची 79. मी सात सेंटिमीटर पुढे होते. हातपाय काडीसारखे असल्यामुळे आणि ओढणी, पदर, सैल कुर्ते यांच्यामुळे ते सात सेंटिमीटर कुणाला दिसले नव्हते. मलाही नाही.

पोटाची सोनोग्राफी झाली. यकृतावर चरबी, पहिल्या पायरीची. डॉक्टरांनी समजावलं ते मला पक्कं लक्षात राहिलं. मांड्यांवर, नितंबांवर कातडीखाली साठणारी चरबी त्यामानाने गरीब असते. पोटाच्या आत, यकृतात आणि आतड्यांभोवती साठते ती उपद्रवी, ती इन्सुलिनचं काम बिघडवते. शिवाय जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. ज्याचे स्नायूच तुटपुंजे, त्याची साखर जाणार कुठे? काटा मात्र चरबी, स्नायू, हाडं आणि पाणी सगळं एकाच तागडीत तोलतो.

मग त्यांनी विचारलं, "जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं, माहीत आहे?" मला हसू आलं, पण माहेरी फोन करून माझ्या आईला विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही. "सव्वादोन किलो. कापसात गुंडाळून ठेवली होती तुला."

तिथून पुढे जे कळलं ते मला पुणेकर म्हणून आधीच माहीत असायला हवं होतं असं वाटलं. आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाच प्रश्न आयुष्यभर अभ्यासला. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास त्यांनी 1993 पासून चालवला. त्यात दिसलं की इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली. जन्मतःच बारीक आणि तरी मेदयुक्त. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी एकच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. आमच्या घरातून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या रुग्णालयातल्या माणसाने स्वतःचं शरीर पुढे करून जगाला हे दाखवलं होतं, आणि वीस वर्षांनंतर माझ्या शिबिरातल्या तक्त्याला त्याचा पत्ता नव्हता.

ह्या बीएमआयचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालाय. बेल्जियमचे अडॉल्फ केटले, 1796 सालचा जन्म, मूळचे गणिती आणि खगोल अभ्यासक. त्यांना डॉक्टरकी करायची नव्हती, समाजातला 'सरासरी माणूस' कसा असतो ते आकड्यांत पकडायचं होतं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं हे त्यांनी 1830च्या दशकात मांडलं. वजन किलोत घ्यायचं, मीटरमधल्या उंचीला उंचीनेच गुणायचं आणि त्याने वजनाला भागायचं. माझं 54 भागिले 1.58 गुणिले 1.58. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला मिळालं 1972 मध्ये, अमेरिकेतल्या अँसेल कीज आणि सहकाऱ्यांच्या निबंधात. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त लोकांची मापं तपासली होती. सगळे पुरुष. हे वाचून मी वहिनींना हाक मारली. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यात आपण नव्हतोच."

मी बीएमआयला निकामी म्हणत नाही. हजारो माणसांचा अंदाज घ्यायचा असेल तर इतकं स्वस्त, इतकं सोपं माप दुसरं नाही, आणि फार वर गेलेला आकडा किंवा 18.5च्या बराच खाली गेलेला आकडा खरोखर काहीतरी सांगत असतो. जगभर 25ला जास्त वजन आणि 30ला लठ्ठपणा धरतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये भारतीयांसाठी ह्या रेषा खाली आणल्या, 23 आणि 25. का, ते 'लॅन्सेट'मधल्या त्या फोटोत आहे. पण रेषा खाली आणूनही मी 21.6 वर हिरव्यातच राहिले, आणि माझं दुखणं तेवढंच होतं.

एकदा हे डोक्यात बसल्यावर घरातच उदाहरणं दिसायला लागली. नवऱ्याचा मावसभाऊ तालमीत जातो, उंची 175, वजन 90, म्हणजे बीएमआय 29.4. भारतीय रेषेप्रमाणे लठ्ठ, आणि पोट फरशीसारखं सपाट. उलट बाजूला आमच्या आई. वय 78. तरुणपणी 152 होत्या, पाठ वाकून आता 148 भरतात. वजन तेव्हाही 50, आताही 50. म्हणजे एक घास जास्त न खाता त्यांचा बीएमआय 21.6 वरून 22.8 झाला, आणि प्रत्यक्षात त्यांच्या दंडावरचं मांस झडून गेलंय. त्यांना नळ घट्ट बंद करता येत नाही. हे कुठल्या चौकटीत बसवायचं?

शरीरातली चरबी नेमकी मोजायची मला ओढ लागली. नवऱ्याच्या जिममध्ये एक यंत्र आहे, अनवाणी उभं राहून दोन्ही मुठींत दांडे धरायचे, सौम्य वीज शरीरातून जाते आणि आकडा येतो. सकाळी 31 टक्के आला, त्याच संध्याकाळी 34. पाणी किती प्यायलंय यावरसुद्धा ते बदलतं. शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डेक्सा स्कॅन केला, तोच जो बायकांच्या हाडांची घनता बघायला करतात. टेबलावर स्थिर पडायचं, वरून एक बाहू हळूहळू सरकत जातो, काही मिनिटांत संपतं. आला 36.4 टक्के. चोपन्नातले साडेएकोणीस किलोंहून जास्त नुसती चरबी. डॉक्टर म्हणाल्या, हा स्कॅन प्रत्येकाने करायची काही गरज नाही, पंधरा रुपयांची टेप बरंच सांगते. मला मात्र तो आकडा बघायला हवा होता. बाबांच्या वेळी कुणी बघितला नव्हता.

"वजन कमी करायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "तुमच्याकडे घालवायला स्नायू नाहीत." हे ऐकणं सोपं होतं, करणं अवघड गेलं. बारीक बाईने उपास सोडायचे आणि जास्त नीट जेवायचं हे घरात पटवावं लागलं. सोमवार आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी गेली. सकाळच्या पोह्यांचं प्रमाण निम्मं आणि सोबत मोड आलेल्या मटकीची वाटी किंवा दोन अंडी. अंड्यांसाठी वेगळा पॅन आणला, आईंनी त्याला फडताळात वेगळी जागा दिली. दुपारी डब्यात उसळ आधी, पोळी नंतर. संध्याकाळच्या चहासोबतची खारी बंद, ती मला सर्वात जड गेली. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठला आणलं आणि नंतर सोसायटीतच वीस मिनिटं चालणं.

आणि स्नायू. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहादा. आठव्यालाच मांड्या थरथरायच्या. मग दोन किलोची डंबेल्स, काही महिन्यांनी पाच. रविवारी वहिनींसोबत पर्वतीची टेकडी. त्या आतकरवाडीच्या वाटेने दर महिन्याला दोनदा सिंहगड चढतात, गेली सहा वर्षं, हे मला माहीत होतं. पण म्हणजे काय, ते पर्वतीवर कळलं. 103 पायऱ्यांपैकी साठाव्याला मी कठड्याला धरून उभी, छाती भात्यासारखी. वहिनी वर पोचून, पदर खोचून माझ्यासाठी परत खाली येत होत्या. एकाहत्तर किलो घेऊन. त्यांच्या कपाळावर घामाचे दोन थेंब होते, श्वास शांत. इतकी वर्षं ह्या बाईला आम्ही सगळ्यांनी पोळ्या मोजायला लावल्या, असं मला तिथे वाटलं, आणि मी त्यांना ते तिथेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "चल, उरलेल्या चढू."

वहिनींनाही मी त्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना भीती होती पुन्हा पत्रक मिळेल म्हणून. त्यांची कंबर भरली 84, माझ्याहून दोन कमी, वजन सतरा किलो जास्त असून. डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. 84 हेही 80च्या पुढेच आहे, रक्तदाब वरच्या काठावर आहे, गड उतरताना उजवा गुडघा दुखतो तो वजनामुळेही दुखतो, चार-पाच किलो उतरले तर त्याला बरं वाटेल. पण आधी त्यांनी रिपोर्ट पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "तुमची साखर, तुमचं कोलेस्टेरॉल, तुमचा दम, हे सगळं तुमच्या चालण्याने सांभाळलंय. ते सोडू नका." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठल्याही दवाखान्यात त्यांच्या वजनाच्या आधी दुसरं काही बोललं गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. एकदा कान दुखतो म्हणून गेल्या होत्या, तिथेसुद्धा वजनच निघालं होतं.

आठ महिन्यांनी, मार्चमध्ये, माझे सगळे आकडे पुन्हा घेतले. एचबीएवनसी 6.2 वरून 5.8. अजून 5.7च्या खाली नाही, म्हणजे धोक्याच्या पट्टीतून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही, पण दिशा बदलली. ट्रायग्लिसराइड्स 142. कंबर 81. डेक्सामध्ये चरबी 32.8 टक्के, म्हणजे पावणेदोन किलो चरबी गेली आणि सव्वादोन किलो बिनचरबीचं वजन आलं. त्यामुळे काट्यावर मी 54 वरून 54.5 झाले. बीएमआय 21.6चा 21.8. आठ महिन्यांत माझ्या शरीरात जे जे सुधारलं, त्यातलं काहीही त्या आकड्यात दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की तो किंचित वाढला.

यंदाच्या जुलैत पुन्हा शिबिर होतं. तोच तक्ता, मुलगा वेगळा. वहिनींना यायचं नव्हतं. मी म्हटलं, चला, आपण दोघी जाऊ. मुलाने माझे आकडे टाकले, गेल्या वर्षीचे बाजूला उघडले आणि म्हणाला, "नॉर्मल आहे मॅडम, पण थोडं वाढलंय बरं का, लक्ष ठेवा."

मी विचारलं, "कंबर नाही मोजत तुम्ही?"

"त्याचा रकाना नाहीये फॉर्मात. टेपही नाही दिलेली."

आईंच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप मी पर्समध्ये घालूनच नेली होती. त्याला बरगडी आणि कमरेचं हाड कुठे चाचपायचं ते सांगितलं आणि पडद्याआड जाऊन वहिनींनी माझं माप घेतलं, श्वास सोडल्यावर. साडेऐंशी. मुलाने क्षणभर फॉर्मकडे पाहिलं, मग समासात पेनने लिहिलं, 'कंबर 80.5'.

वहिनी त्याच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "माझंही लिहा. ब्याऐंशी."